मुदतीआधी भाड्याचं घर सोडताय? एजन्सीशी हिशेब असा मिटवा

नोकरीसाठी ऐरोली, घणसोली किंवा घोडबंदर रोडला नव्याने आलेली बरीच मुलं-मुली पहिलं घर एजन्सीमार्फत घेतात. ओळखीचं कुणी नसतं, मालक नाशिकला किंवा परदेशात असतो, एजन्सी चावी आणून देते, आणि सुरुवातीला ते सोयीचंच वाटतं. खरी अडचण येते ती घर मध्येच सोडायची वेळ आली की.

माझ्यावर ती वेळ घणसोलीत आली. १ जूनला घर घेतलं होतं. भाडं २४,००० रुपये, डिपॉझिट ७५,०००, सहा महिन्यांचं लॉक-इन (म्हणजे ज्या काळात घर सोडायचं नाही असं ठरतं तो काळ), एक महिन्याची नोटीस. ऑक्टोबर लागला आणि साताऱ्याहून भावाचा फोन आला. बाबा न्हाणीघरात पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं. कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली, मी ५ ऑक्टोबरला नोटीस दिली आणि ३१ ऑक्टोबरला घर रिकामं केलं. ६ नोव्हेंबरला एजन्सीचा मेल आला. लॉक-इनचे २४,०००, नोटीसचे २४,०००, रंगकाम १४,०००, साफसफाई ४,५००, नवा भाडेकरू शोधायची फी ८,५००. बेरीज बरोबर ७५,०००. म्हणजे परत काहीच नाही.

त्यातून मी जे शिकले ते पायरीपायरीने लिहिते. पण सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे: आपण जे देणं लागतो ते स्वतःहून, आकड्यासकट, लेखी मान्य करायचं आणि मगच उरलेल्यासाठी भांडायचं. ‘मला सगळं डिपॉझिट परत पाहिजे’ असं म्हणणाऱ्याला एजन्सी सहज झुलवत ठेवते. पै-पैचा हिशेब मांडणाऱ्याला तसं झुलवता येत नाही.

पायरी १: करार काढा आणि तो स्वतः वाचा

आपल्याकडे बहुतेक घरं लीव्ह अँड लायसन्स करारावर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी नुसती वापरायची परवानगी म्हणून, दिली जातात. तुमच्याकडे दोन कागद असायला हवेत, नोंदणी झालेला करार आणि त्याचा इंडेक्स टू (नोंदणीचा थोडक्यात तपशील देणारा कागद). नसतील तर एजन्सीकडे लगेच मागा. वाद पेटल्यावर कागद मिळायला उशीर लागतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ असं तुम्हाला कुणी ना कुणी सांगेलच. महाराष्ट्रात ते चालत नाही. नोंदणी झालेली नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं आणि ते खोटं आहे हे समोरच्याला सिद्ध करावं लागतं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. एजन्सीने नुसत्या स्टँप पेपरवर सह्या घेतल्या असतील, तर हा मुद्दा तुमच्या पहिल्याच पत्रात आला पाहिजे.

करारात चार जागा शोधा: लॉक-इन, नोटीस, डिपॉझिट कधी आणि काय कापून परत करायचं, आणि दुरुस्ती-रंगकाम. प्रत्येक कलमाचा क्रमांक वहीत उतरवून घ्या. करार इंग्रजीत असतो, भाषा किचकट असते, तरी शब्द न् शब्द वाचा. माझ्या करारात होतं की लॉक-इनमध्ये घर सोडल्यास ‘उरलेल्या लॉक-इन काळाचं भाडं’ द्यावं लागेल. डिपॉझिट जप्त होईल असं कुठेच नव्हतं. फोनवर मात्र एजन्सीचा माणूस दर वेळी ‘मॅडम, लॉक-इन तोडलं की डिपॉझिट जातंच’ असं सांगायचा. मी त्याला कलमाचा क्रमांक विचारला, त्या दिवसापासून हे वाक्य बंद झालं.

पायरी २: पैसे कुणाच्या खात्यात गेले ते बघा

करारात मालक म्हणून कुणाचं नाव आहे? फ्लॅटच्या मालकाचं, एजन्सीचं, की मालकातर्फे कुलमुखत्यार (त्याच्या वतीने सही करायचा अधिकार असलेली) म्हणून एजन्सीचं? आणि डिपॉझिट प्रत्यक्षात कुणाच्या खात्यात जमा झालं? बँकेचं स्टेटमेंट काढा. अनेकदा करार मालकाच्या नावाने असतो आणि पैसे एजन्सीकडे असतात. मग विचारायला गेलं की एजन्सी मालकाकडे बोट दाखवते आणि मालक एजन्सीकडे.

यावर उपाय साधा आहे, प्रत्येक पत्र दोघांनाही पाठवायचं. मालकाचा पत्ता करारात असतोच. मी मालक काकांना फोन केला तेव्हा कळलं की मी घर सोडलंय हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचं वागणं शेवटपर्यंत सरळ होतं. मालकाला शत्रू समजून सुरुवात करू नका. एजन्सीवर त्याचं वजन आपल्यापेक्षा जास्त असतं.

पायरी ३: नोटीस लेखी द्या, आणि करारातल्या पत्त्यावर द्या

एजन्सीच्या अ‍ॅपवर ‘मूव्ह-आउट’चं बटण असतं. ते दाबा, पण तेवढ्यावर थांबू नका. अ‍ॅपमधली तक्रार ‘क्लोज’ करणं त्यांच्या हातात असतं. ईमेल करा आणि तेच पत्र स्पीड पोस्टने, पोचपावतीसह पाठवा. (रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, त्यामुळे करारात जुना शब्द असला तरी गोंधळू नका.) व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं झालं तर त्याच संध्याकाळी ‘आज आपलं असं बोलणं झालं’ असा दोन ओळींचा मेल टाका.

पत्र लांबलचक नको. असं चालेल:

‘दिनांक … रोजी नोंदवलेल्या करारानुसार (दस्त क्रमांक …) मी फ्लॅट क्रमांक … मध्ये राहत आहे. कौटुंबिक कारणामुळे मी दिनांक … रोजी घर रिकामं करून ताबा देणार आहे. करारातील कलम … प्रमाणे ही एक महिन्याची नोटीस समजावी. ताबा घेण्यासाठी त्या दिवशी आपला प्रतिनिधी पाठवावा. घर दुसऱ्या भाडेकरूला दाखवण्यास माझी हरकत नाही. आदल्या दिवशी कळवावे. डिपॉझिटचा हिशेब ताबा दिल्यापासून … दिवसांत लेखी कळवावा.’

घर दाखवायला हरकत नाही, हे वाक्य गाळू नका. ते पुढे किती कामाला येतं ते खाली सांगते.

पायरी ४: हिशेब तुम्ही मांडा

एजन्सीच्या हिशेबाची वाट पाहत बसू नका. एका कागदावर दोन रकाने करा, ‘मी देणं लागते’ आणि ‘मी मान्य करत नाही’. हे काम एका बैठकीत होत नाही. मला तीन संध्याकाळी लागल्या.

लॉक-इनचा एक महिना उरला होता, नोव्हेंबर. करारात तसं लिहून मी सही केली होती, म्हणून पहिल्या रकान्यात २४,०००. नोटीसचा महिना ५ ऑक्टोबरला सुरू होऊन नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपत होता, म्हणजे त्याचे दिवस ऑक्टोबरच्या भरलेल्या भाड्यात आणि लॉक-इनच्या नोव्हेंबरमध्येच मोडत होते. त्याच दिवसांचे पैसे दोनदा कसे द्यायचे? नोटीसचे २४,००० दुसऱ्या रकान्यात. विजेचं शेवटचं बिल १,१४०, पहिल्या रकान्यात. स्वयंपाकघरातला नळ माझ्या हातून तुटला होता, प्लंबरने ६५० सांगितले, तेही पहिल्या रकान्यात. नवा भाडेकरू शोधायची फी करारात कुठेच नव्हती, दुसऱ्यात. साफसफाई मी स्वतः माणूस लावून करून घेतली होती, पावती होती, दुसऱ्यात.

रंगाबद्दल सगळ्यात जास्त वाद होतात. बहुतेक करारांत नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळलेली असते. पाच महिन्यांत भिंत थोडी मळणं, दाराला हात लागून डाग पडणं, कोकणपट्टीच्या पावसात खिडकीखाली ओल येणं ही झीजच आहे. पूर्ण फ्लॅटचा रंग तुमच्या माथी मारता येत नाही. पण भिंत फोडली, खिळे ठोकले, मुलाने खडूने चित्रं काढली, तर तेवढ्या भिंतीचा खर्च तुमचा.

माझा पहिला आकडा असा झाला: २४,००० अधिक १,१४० अधिक ६५०, म्हणजे २५,७९०. परत मिळायला हवेत ४९,२१०. ८ नोव्हेंबरला तो मेल गेला.

आणि मग शेजारच्या काकूंचा फोन आला. बाबांची चौकशी करता करता सहज म्हणाल्या, ‘तुझ्या घरात १४ तारखेला नवीन लोक आले गं, छोटं बाळ आहे त्यांच्याकडे.’

म्हणजे १४ नोव्हेंबरपासून त्याच घराचं भाडं दुसऱ्याकडून सुरू झालं होतं, आणि माझ्याकडूनही पूर्ण महिना मागत होते. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ इथे लागू पडतं. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी लागेल असं करारात लिहिलेलं असलं, तरी ती रक्कम ही वरची मर्यादा असते. त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. नुकसान कमी करायला हाताशी काय उपाय होते, हेही भरपाई ठरवताना बघितलं जातं, तशी तरतूद कलम ७३ च्या स्पष्टीकरणात आहे. घर तेरा दिवस रिकामं होतं. दिवसाला ८०० रुपये धरले तर १०,४००. मी हिशेब बदलला: १०,४०० अधिक १,१४० अधिक ६५०, म्हणजे १२,१९०. परत मिळायला हवेत ६२,८१०.

म्हणून घर सोडताना वॉचमन दादा, शेजारी, सोसायटीचे सेक्रेटरी यांच्याशी चांगले संबंध ठेवून निघा. घराची जाहिरात पुन्हा कधी लागली त्याचे स्क्रीनशॉट तारखेसह काढून ठेवा. आणि घर दाखवायला हरकत नाही असं नोटिशीत लिहिलेलं असलं, की ‘तुमच्यामुळे घर रिकामं राहिलं’ असं म्हणायला जागा उरत नाही.

पायरी ५: ताबा देतानाचा अर्धा तास

या अर्ध्या तासावर पुढचे तीन महिने अवलंबून असतात. सामान निघाल्यावर, खोल्या मोकळ्या असताना, दिवसाउजेडी एक सलग व्हिडिओ काढा. दारापासून सुरू करा, प्रत्येक भिंत, प्रत्येक नळ उघडून-बंद करून, पंखे-दिवे लावून दाखवा, कपाटं उघडा, गॅसची शेगडी, गीझर. शेवटी वीज मीटर, आकडे नीट वाचता येतील इतक्या जवळून. महानगर गॅसचा मीटर असेल तर तोही. घर घेतानाचे फोटो असतील तर सोन्याहून पिवळं. (नव्याने घर घेणाऱ्यांनी हे आजच करावं. सामान लावायच्या आधी.)

माझ्याकडे एजन्सीचा एक पोरगेला मुलगा आला होता. मी ओट्यावर दोन चाव्या, टपालपेटीची छोटी चावी आणि सोसायटीचं अ‍ॅक्सेस कार्ड ओळीने मांडलं आणि त्याच्यासमोर कागद ठेवला: ‘३१ ऑक्टोबर रोजी संध्याकाळी ५ वाजता खालील वस्तूंसह रिकाम्या घराचा ताबा मिळाला. मीटर रीडिंग …’ तो म्हणाला, ‘ताई, मला सही करायची परवानगी नाही.’ त्याच्यावर चिडून उपयोग नव्हता, त्याची नोकरी होती. मी चाव्या त्याच्या हातात देतानाचा फोटो काढला, तिथेच उभी राहून तोच मजकूर फोटोसकट एजन्सीला आणि मालक काकांना मेल केला आणि मेल पोचल्याचं त्याला दाखवलं. खाली सोसायटीच्या रजिस्टरमध्ये सामान बाहेर गेल्याची नोंद वॉचमनकडून करून घेतली. पुढे एजन्सीने ताबा ४ नोव्हेंबरला मिळाल्याचा दावा केला, तेव्हा या दोन गोष्टींनी तो लगेच मागे घ्यावा लागला.

दोन चुका टाळा. शेवटच्या महिन्याचं भाडं ‘डिपॉझिटमधून कापून घ्या’ म्हणून थांबवू नका. करारात तशी मुभा नसेल तर चूक तुमच्या पदरी येते. आणि डिपॉझिट मिळेपर्यंत घर सोडणार नाही, असा हट्टही धरू नका. लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा दिला नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू शकते.

उलट बाजूने, तुम्ही आत राहत असताना कुणी कुलूप बदललं, सामान बाहेर काढायची धमकी दिली, तर ११२ वर फोन करा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. नुसत्या डिपॉझिटच्या वादात मात्र पोलीस ‘हे दिवाणी आहे’ असंच सांगतील.

पायरी ६: दाद कुठे मागायची

क्रम महत्त्वाचा आहे. आधी एजन्सीला आणि मालकाला शेवटचं लेखी पत्र: तुमचा हिशेब, पुरावे, खाते क्रमांक आणि १५ दिवसांची मुदत. यासाठी वकील लागतोच असं नाही. माझं पत्र २४ नोव्हेंबरला गेलं.

मुदत उलटली की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. फोन मराठीत करता येतो, तक्रारीला क्रमांक मिळतो आणि हेल्पलाइन ती तक्रार कंपनीकडे पाठवते. हे न्यायालय नव्हे, आदेश देत नाही. तरी ज्या एजन्सीने महिनाभर मेलला उत्तर दिलं नव्हतं, तिच्या वरिष्ठांचा फोन मला तक्रारीनंतर पाचव्या दिवशी आला.

तिथेही मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. एजन्सीने तुमच्याकडून ब्रोकरेज, सेवाशुल्क, दरमहा देखभालीची फी असं काही घेतलं असेल, तर ती सेवा देणारी आणि तुम्ही ग्राहक, आणि सेवेतली त्रुटी हा तुमच्या तक्रारीचा पाया. त्या पैशांच्या पावत्या म्हणूनच जपून ठेवा. एजन्सी मध्ये नसून वाद थेट मालकाशी असेल, तर मार्ग दिवाणी न्यायालयाचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, ती ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येते, आणि सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. निकालाला कायद्यातल्या मुदतीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, हे मनाशी धरून चला.

करारात शेवटी एक ओळ असते, ‘सर्व वाद फक्त अमुक शहरातील न्यायालयात’ किंवा ‘लवादाकडे’ (म्हणजे न्यायालयाबाहेर निवाडा करणाऱ्या व्यक्तीकडे). ती वाचून माणसं गळाठतात. ग्राहक तक्रार तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात करता येते. मी साताऱ्यात परत गेले होते, तर साताऱ्यातही करू शकले असते. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. इथे राहून तक्रार करणार असाल तर एक लक्षात ठेवा: ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात आहे, पण खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हे रायगड जिल्ह्यात. पत्ता नवी मुंबई लिहिलेला असला तरी जिल्हा वेगळा.

महारेरामध्ये, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, जायचा सल्लाही मिळेल. त्यामागचा रेरा कायदा घर विकत घेण्याच्या व्यवहारांसाठी आहे, भाड्याच्या डिपॉझिटसाठी नाही. तसंच ‘डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त घेताच येत नाही’ असं सांगणारे व्हिडिओ फिरतात. ते २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यावरून आलेलं आहे, आणि तो राज्यांसाठी नमुना आहे. त्याच्या भरवशावर पत्र लिहू नका.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. ठाण्याचं कार्यालय जिल्हा न्यायालयात आहे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. खटला दाखल व्हायच्या आधीच वाद लोकअदालतीत ठेवता येतो, आणि तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नसतं.

पायरी ७: तडजोड आणि शेवटचा कागद

जानेवारीत एजन्सीने ५८,००० देऊ केले. त्यांनी एक फोटो पाठवला होता. हॉलच्या भिंतीला टीव्हीसाठी मी चार भोकं पाडली होती, आणि ती माझ्या हिशेबात नव्हती. खरंच माझ्या लक्षातून निसटली होती. त्या एका भिंतीचं काम ४,८१० रुपये धरून मी मान्यता दिली. बाकीचे दावे त्यांनी सोडले.

तडजोड ठरली की एजन्सी ‘फुल अँड फायनल’ लिहिलेला फॉर्म आधी पाठवते आणि सही केल्यावर पैसे सोडू म्हणते. सही करू नका. ठरलेली रक्कम, खाते क्रमांक आणि तारीख लिहिलेला मेल त्यांच्याकडून मागवा, पैसे जमा होऊ द्या, मग पावती द्या: ‘रुपये … दिनांक … रोजी खात्यात जमा झाले, आता डिपॉझिटबद्दल दोन्ही बाजूंचं काही येणं-देणं नाही.’ ‘दोन्ही बाजूंचं’ हे शब्द असलेच पाहिजेत, नाहीतर दोन महिन्यांनी पाण्याच्या बिलाचा मेल येतो. त्याच वेळी मालकाच्या सहीचं, करार अमुक तारखेला संपुष्टात आल्याचं पत्र घ्या, कारण नोंदणीकृत कराराप्रमाणे तुम्ही मुदत संपेपर्यंत त्याच पत्त्यावर राहत असल्याचं दिसतं. मालक काकांनी ते पत्र मला मागायच्या आधीच पाठवलं होतं, सोबत बाबा आता चालायला लागले का, अशी विचारपूस होती.